पुढचा हंगाम

आशा करणे हा आमचा धंदाच आहे, असे म्हटले तर वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु ज्याने पंचवीस-तीस वर्षे दर जूनमध्ये नव्या वर्गापुढे उभे राहून हजेरी घेतली आहे, त्यास हे म्हणणे पटावे. समोर बसलेल्या साठसत्तर चेहऱ्यांपैकी कोणाचे पुढे काय होणार हे आपणांस ठाऊक नसते. तरीही पहिल्या आठवड्यातच आपण मनातल्या मनात पैजा मारून मोकळे होतो. हा नाव काढील, हिला भाषेची जाण आहे, तो मागच्या बाकावरचा वर्षभर खिडकीबाहेर पाहणार. या पैजांपैकी किती आम्ही जिंकलो याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. आणि ठेवला असता तर तो या मासिकातून प्रसिद्ध करण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.

सांप्रत आमच्या आशेला वर्गाबाहेरचा एक विषय मिळाला आहे. तो म्हणजे भारताचा महिलांचा हॉकी संघ. ज्याच्या हातात खडू आणि छत्री यांखेरीज तिसरी वस्तू कधी शोभली नाही, अशा माणसाने हॉकीवर लेखणी चालवावी याचे कोणास हसू आले तर आमची तक्रार नाही. त्याला एक कारण आहे, आणि ते फारसे अभिमानाचे नाही. पण आधी संघाविषयी.

हा संघ आज मोडून पुन्हा बांधला जात आहे. जुने वाडे पाडून नवे घर उभारताना मधली एकदोन वर्षे जशी विटा, चुना आणि धूळ यांतच काढावी लागतात, तसा हा काळ आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ज्या मुलींनी सारा देश पहाटे उठवला, त्यांतल्या पुष्कळजणी आता मैदानावर नाहीत. कर्णधार राणी रामपाल हिने २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. बचावफळीचा खांब असलेली दीप ग्रेस एक्का त्याच वर्षाच्या आरंभी गेली. भारताकडून तीनशेहून अधिक सामने खेळलेली वंदना कटारिया २०२५ च्या एप्रिलमध्ये थांबली. मोठी माणसे घरातून गेली म्हणजे धाकट्यांना एकदम किल्ल्या सांभाळाव्या लागतात. आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे समजेपर्यंत काही दारे उघडत नाहीत. येथेही तसेच झाले. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे, आपल्याच प्रेक्षकांसमोर, जपानकडून ०-१ असा पराभव झाला आणि पॅरिसच्या ऑलिंपिकचे दार बंद झाले. २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये तर जूनमधल्या परदेशच्या दौऱ्यावर आपला संघ ओळीने आठ सामने हरला, नऊ संघांत शेवटचा ठरला, आणि त्यास खालच्या पायरीवरच्या नेशन्स कपात उतरावे लागले. त्या आठांतले काही सामने केवळ एका गोलाने गेले, हे लक्षात घेण्याइतका धीर त्या वेळी फारच थोड्यांस उरला होता.

आम्हांसही तो नव्हता. रांचीचा सामना संपला त्या आठवड्यात आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी व्याख्यानासाठी गेलो होतो. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी तीसपस्तीस वर्षांची एक बाई पुढे आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, "सर, ओळखलंत का?" आम्ही नेहमीप्रमाणे ओळखल्याचा चेहरा केला. तिने नाव सांगितले, आणि मग मात्र खरेच ओळखले. इतके, की हातातला कप खाली ठेवावासा वाटला.

सोळासतरा वर्षांपूर्वी ती आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होती. शेतकऱ्याची मुलगी, हॉकी उत्तम खेळत असे, असे जिमखान्याचे लोक सांगत. एके दिवशी ती एक अर्ज घेऊन आमच्या खोलीत आली. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठी सरावशिबिर होते. महिनाभर तासांना येता येणार नव्हते. हजेरी भरण्याच्या सवलतीसाठी आमची सही हवी होती. आम्ही तिला बसवले, पाणी दिले आणि अर्धा तास उपदेश केला. उपदेश चांगलाच झाला असावा, कारण तो आम्हांस अजून आठवतो. खेळाने पोट भरत नाही, घरची परिस्थिती पाहा, दोन वर्षे मन लावून अभ्यास कर, "खेळायला काय, पुढे सारा जन्म पडला आहे." सही आम्ही नाकारली नाही. अर्ज टेबलावर ठेवून "विचार कर आणि उद्या ये," एवढेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती आली ती तासाला. अर्जाचे नाव तिने काढले नाही. तो अर्ज पुढे आमच्या कागदांत कोठे गेला कोण जाणे. वर्षअखेर तिला बरे गुण मिळाले, आणि आपण एक आयुष्य मार्गाला लावले याचे आम्हांस समाधान वाटले.

ती आता शाळेत शिक्षिका होती. बोलण्यात कसलाही कडवटपणा नव्हता. "सर, तुमच्यामुळे नोकरी लागली," असे ती मनापासून म्हणाली. संध्याकाळी शाळेच्या मुरमाड मैदानावर दहाबारा मुलींना हॉकी शिकवते, हेही तिने सांगितले. मग साहजिकच बोलणे रांचीवर आले. आम्ही वर्तमानपत्रातला शहाणपणा ओतला. म्हणालो, "आता या पोरींचं काही खरं नाही. टोकियो गेलं ते गेलं. सगळंच मोडलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, हरल्या म्हणजे संपल्या असं कुठं असतं? त्यांना हरायला तरी मिळालं. आम्हाला तेवढंही मिळालं नाही."

'आम्हाला' हा शब्द तिने अनेकवचनी वापरला, तो बहुधा आमच्यावर दोष येऊ नये म्हणून. पण आम्ही भाषेचे अध्यापक; वचनांचा अर्थ आम्हांस कळतो. परतताना गाडीत आम्ही व्याख्यानाचे टिपण चाळत होतो, पण मन त्या वाक्यापाशीच अडले होते. ज्या 'पुढच्या जन्मा'चे आश्वासन आम्ही इतक्या उदारपणे दिले होते, तो खेळाडूला नसतो. विद्वानाला साठाव्या वर्षी ग्रंथ लिहिता येतो. हॉकी खेळणारी मुलगी तिशीला पोचते तोच लोक तिच्या निवृत्तीची चौकशी करू लागतात. तिचा काळ दहाबारा वर्षांचा, आणि त्यातलीही पहिली चारपाच हरण्यात जावयाची असतात. तेवढी जागा आम्ही त्या मुलीला दिली नाही.

तेव्हापासून आम्ही या संघाची कुंडली अभ्यासकाच्या चिकाटीने मांडू लागलो. कोणत्या सालात काय घडले ते एका वहीत लिहून काढले. आणि त्या वहीत आम्हांस जे दिसले ते वाचकांसमोर ठेवावे, हाच या लेखाचा हेतू आहे.

टोकियोचा संघ आकाशातून पडला नव्हता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख येथे एकवीस वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. तेथे भारताच्या मुलींनी इंग्लंडला नमवून कांस्यपदक मिळवले. राणी रामपाल त्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. वंदना, दीप ग्रेस, नवनीत कौर, सुशीला चानू या सर्व त्याच संघातल्या. आता सामान्य माणसाचे गणित असे, की ज्यांनी २०१३ मध्ये कांस्य मिळवले त्या दोनतीन वर्षांत रौप्य मिळवतील. प्रत्यक्षात काय झाले? २०१६ साली रिओ येथे, छत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये उतरलेला आपला महिला संघ पाच सामन्यांपैकी एकही जिंकला नाही. ऑस्ट्रेलियाने सहा गोल चढवले, अर्जेंटिनाने पाच. बारा संघांत आपण बारावे. त्या वेळीही 'यांचे काही खरे नाही' असे म्हणणारे शहाणे होते. आम्ही त्यांत नव्हतो, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आणि २०२१ मध्ये, त्यांतल्याच अनेक मुलींनी टोकियोत काय केले ते सर्वांस ठाऊक आहे. पहिले तीन सामने ओळीने हरूनही त्या खचल्या नाहीत. आयर्लंडला एका गोलाने हरवले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदनाने तीन गोल केले. आणि २ ऑगस्टला, उपांत्यपूर्व सामन्यात, गुरजित कौरच्या एकाच गोलावर ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले. कोणत्या ऑस्ट्रेलियाला? ज्याने रिओत सहा गोल चढवले होते, त्याच ऑस्ट्रेलियाला. शेवटी ब्रिटनकडून ३-४ असे हरून पदक हुकले, आणि मुली मैदानावर रडल्या. पण चौथा क्रमांक आला होता. २०१३ पासून २०२१ पर्यंत आठ वर्षे लागली. आणि त्या आठ वर्षांच्या पहिल्या निम्म्यात, बरोबर तिसऱ्या वर्षी, सर्वांत खालचा क्रमांक होता.

आता वहीचे दुसरे पान. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूम येथे मुलींचा तोच विश्वचषक झाला. भारत चौथा आला. कांस्यपदक इंग्लंडने शूटआउटवर नेले. त्या संघाची कर्णधार सलिमा टेटे. मुमताज खान, दीपिका, ब्यूटी डुंगडुंग या तिच्या सोबतिणी. सलिमा ही झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली. बांबूच्या काठ्यांनी खेळत मोठी झालेली. टोकियोत तिचे वय एकोणीस होते. मुमताज ही लखनौच्या भाजीविक्रेत्याची मुलगी. याच मुलींवर पुढे राष्ट्रीय संघाचा भार आला. २०२४ मध्ये सलिमा त्याची कर्णधार झाली. आणि २०२५ मध्ये, म्हणजे पुन्हा तिसऱ्या वर्षी, प्रो लीगमध्ये शेवटचा क्रमांक!

आम्ही ज्योतिषी नाही, आणि दोन उदाहरणांवरून सिद्धांत काढणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही आजवर निर्दयपणे कापीत आलो आहोत. तेव्हा आठ वर्षे झाली की पदक पिकलेच, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की तिसऱ्या वर्षीचा शेवटचा क्रमांक हा अंत नसून मधला मुक्काम असू शकतो; आणि तो मुक्काम ओलांडण्यासाठी त्या मुलींना चौथे, पाचवे, सहावे वर्ष मिळावे लागते. कोकणातला जाणता बागायतदार हापूसच्या कोवळ्या कलमाला आलेला पहिला मोहोर स्वतःच्या हाताने खुडून टाकतो. शेजाऱ्याला वाटते, हा वेडा आहे. पण झाडाचे बळ फळात न जाता खोडात जावे, म्हणून तो हे करतो. आपण मात्र कलम लावल्याच्या दुसऱ्या वर्षी टोपली घेऊन उभे राहतो, आणि आंबा मिळाला नाही म्हणून कलम उपटण्याची भाषा करतो.

हे उपटणे या संघाच्या वाट्याला पुरेसे आले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत एक प्रशिक्षक गेल्या. त्यांच्या जागी आलेले २०२५ च्या डिसेंबरात गेले. दोन वर्षांत दोन मास्तर बदललेल्या वर्गाचे काय होते हे आम्हांस नीट ठाऊक आहे. पहिल्याने शिकवलेले दुसऱ्याला मान्य नसते, आणि मुले दोघांच्या मधल्या फटीत पडतात. टोकियोचा संघ घडवणारे हॉलंडचे शोर्ड मारीन २०२६ च्या आरंभी पुन्हा आले, याचा आम्हांस आनंद झाला. पण त्यांनी काल येऊन आज पदक आणावे असे म्हणणाऱ्यांस आमची विनंती आहे, की त्यांनी २०१७ ते २०२१ हा काळ बोटांवर मोजून पाहावा.

मग पुढच्या हंगामात या तरुण मुलींकडून आम्ही आशा तरी कसली करावी? आमची यादी लहान आहे.

पहिली आशा शेवटच्या पंधरा मिनिटांची. हॉकीचा सामना आता पंधरा पंधरा मिनिटांच्या चार भागांत खेळतात. कोवळा संघ तीन भाग बरोबरीने खेळतो आणि चौथ्यात सुटतो. याचे कारण पायांतली शक्ती एवढेच नसते. दमलेल्या वेळी चेंडू पुढे मारावा की जवळच्या सोबतिणीला द्यावा, हा निर्णय चुकतो; आणि तो निर्णय शंभर सामने खेळल्याखेरीज येत नाही. शेवटच्या भागात पुढे असताना आपला संघ शांतपणे चेंडू फिरवीत राहिलेला दिसला, तर निकाल काहीही लागो, आम्ही तो दिवस पुढे गेल्याचा समजू.

दुसरी आशा पेनल्टी कॉर्नरची. हा हॉकीतला हुकमी डाव. गुरजितनंतर तो समर्थपणे खेळणारी मुलगी संघात उरते की नाही, अशी धास्ती होती. हरियाणाच्या दीपिकेने ती पुष्कळशी दूर केली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीर येथे आशियाई चॅम्पियन्स चषकाच्या अंतिम सामन्यात तिच्या एकाच गोलावर आपण चीनला हरवले. त्याच चीनला, जो तीन महिन्यांपूर्वी पॅरिसहून रौप्यपदक घेऊन आला होता. पण एका खांद्यावर सारे ओझे टाकले की तो खांदा दुखावतो. २०२५ च्या आशिया चषकात दुखापतीमुळे दीपिका नव्हती, अनुभवी गोलरक्षक सविताही नव्हती; तरी संघाने अंतिम फेरी गाठली आणि तेथे चीनकडून १-४ असा हरला. दीपिकेच्या जोडीला आणखी दोघी तयार व्हाव्यात, इतकेच आमचे मागणे.

तिसरी आशा आमच्या घराजवळची आहे, आणि तिच्यात थोडा पक्षपात असल्यास वाचकांनी क्षमा करावी. आमच्या सातारा जिल्ह्याने या संघाला मुली दिल्या आहेत. वैष्णवी फाळके ही फलटण तालुक्यातल्या आसू गावची. ऋतुजा पिसाळ हीही सातारा जिल्ह्यातलीच. जानेवारी २०२५ मध्ये मुलींची हॉकी इंडिया लीग प्रथमच भरली; तिच्या अंतिम सामन्यात ओडिशाच्या संघाने २-१ असा विजय मिळवला, आणि ते दोन्ही गोल ऋतुजाचे होते. ऊस आणि ज्वारी यांच्या मुलखातून, जेथे हिरवे कृत्रिम मैदान पाहण्यासाठीही दूर जावे लागते, तेथून या मुली निघाल्या. ओडिशाची सुनेलिता टोप्पो तर सतराव्या वर्षीच राष्ट्रीय संघात आली. या सर्वांविषयी आमची आशा अशी, की पुढच्या हंगामात त्या पुष्कळ खेळोत. आणि दोन सामने वाईट गेले म्हणून कोणी त्यांना घरी पाठवू नये.

ही यादी आम्ही जेवताना घरात वाचून दाखवली. आमच्या सौभाग्यवतींनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "अहो, यात जिंकण्याची आशा कुठंच नाही की!" आम्ही म्हणालो, "आहे; पण ती आम्ही त्यांच्याकडे तारखेसकट मागणार नाही." यावर त्या म्हणाल्या, "हे सोळा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर बरं झालं असतं." त्या अर्जाची हकीकत आम्ही त्यांना सांगितली होती, ती चूक झाली, असे त्या क्षणी वाटले. पण त्यांचे म्हणणे खरे होते, आणि त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक २०२८ मध्ये आहे. तेथे काय होईल ते होवो. तोवर हा संघ अनेकदा हरेल, आणि दर पराभवानंतर सकाळच्या चहाबरोबर आम्हां मध्यमवर्गीयांच्या घरोघरी त्याचा निकाल लावला जाईल. तो लावताना वाचकांनी एकवार २०१३, २०१६ आणि २०२१ ही तीन साले मनात म्हणावीत, एवढीच आमची विनंती.

आमच्यापुरते म्हणाल, तर आम्ही एक नियम केला आहे. जूनमध्ये वर्ग सुरू झाले की मैदानावर जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज आमच्या टेबलावर येतात. आता ते आम्ही रात्रभर तेथे ठेवीत नाही. ज्याचा त्याला, त्याच दिवशी, सही करून परत देतो. आणि बुडालेले तास केव्हा भरून काढावयाचे ते मग सावकाश ठरवतो. त्या शिक्षिकेला आम्ही हे पत्राने कळवले. तिचे उत्तर आले, त्यात या नियमाविषयी एक अक्षरही नव्हते. तिच्या मुलींपैकी दोघींची जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती, आणि पहिल्याच सामन्यात त्या चार गोलांनी हरल्या होत्या, असे तिने मोठ्या आनंदाने लिहिले होते.